पोस्टमास्तरांच्या पायाखालची पेटी

मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे आणि माझा राग अजून गेलेला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मित्रांनो, म्हातारीने उगाच आवाज चढवला असे मागाहून कुणी म्हणायला नको. माझ्या झाकणावर दोन खोलगट खड्डे आहेत. मधल्या सुट्टीत तुम्ही त्यांत चिंचोके टाकून खेळता, ते मी पाहते. ते खड्डे मला घडवणाऱ्याने पाडलेले नाहीत. ते एका माणसाच्या टाचांचे आहेत. तो माणूस बडोद्यातल्या एका लहानशा टपालकचेरीचा पोस्टमास्तर होता. अमुक एक पार्सल आपल्या कचेरीत आलेच नाही, असे तो सरकारी कागदावर लिहून देत होता, तेव्हा ते पार्सल त्याच्याच पायाखाली होते. ते पार्सल म्हणजे मी.

माझा जन्म मिरजेच्या बाजारातला. रॉकेलच्या दोन डब्यांचा पत्रा कापून एका कारागिराने मला बनवले आणि वर हिरवा रंग दिला. मराठी शाळेतले मास्तर लक्ष्मीकांत यांनी मला विकत घेतले ते त्यांच्या मुलीसाठी. तिचे नाव सुहासिनी. पाटी आणि पुस्तके माझ्यात घालून ती रोज शाळेला जाई. वाटेत मला दोनदा आपटे, पण मला त्याचे कधी वाईट वाटले नाही. मुलांनी आपटणे वेगळे आणि मोठ्यांनी चेपणे वेगळे.

सुहासिनीने सहावीची परीक्षा दिली, दाखला मिळवला आणि लगेच तिचे लग्न झाले. नवरा बडोद्याचा, दामोदर पोतनीस, राज्याच्या एका कचेरीत कारकून. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ताटात तांदूळ पसरतात, नवरा मुलगा सोन्याच्या अंगठीने त्या तांदळांत नवे नाव लिहितो आणि सगळ्यांना साखर वाटतात. सुहासिनीची उमा झाली. तिचा दाखला मात्र सुहासिनीच्याच नावाचा राहिला. तो माझ्यात राहिला आणि मी मिरजेतच माळ्यावर राहिले. सासरी पुस्तकांची पेटी कशाला, असे सगळ्यांना वाटले.

आठ वर्षे गेली. महाराज सयाजीरावांच्या राज्यात तेव्हा गावोगाव मुलींच्या शाळा निघत होत्या आणि त्यांत शिकवायला बायका मिळत नव्हत्या. अशा शिक्षिका तयार करणारा एक वर्ग बडोद्यात होता. उमाला त्या वर्गात जायचे होते. तिने नवऱ्याला विचारले. तो म्हणाला, आईला विचार. त्याचे नेहमी असेच होते. मग तिने सासूला विचारले. सासूचे नाव रखमाबाई. त्यांनी चार दिवस उत्तर दिले नाही आणि पाचव्या दिवशी म्हणाल्या, "यंदा घेतलं तर जा. नाही घेतलं, तर पुन्हा या घरात त्या वर्गाचं नाव काढायचं नाही."

म्हणजे एकच संधी होती. वर्गाची अट अशी, की दहा जूनच्या आत सहावीचा मूळ दाखला आणून दाखवायचा. उमाने वडिलांना पत्र लिहिले. वडिलांनी मला माळ्यावरून काढले, पुसले, दाखला मेणकापडात गुंडाळून तळाशी ठेवला आणि वर तिची तीन पुस्तके ठेवली. मग मला मांजरपाटाच्या कापडात शिवले आणि शिवणीवर लाखेचे ठिपके देऊन त्यांवर मोहोर उठवली. शेवटी बोरू घेऊन ते कापडावर पत्ता लिहायला बसले. दाखल्यावरचे नाव आणि पार्सलावरचे नाव एकच असावे, असा त्यांनी सरळ विचार केला. शिवाय त्यांच्या तोंडी दुसरे नाव कधी बसलेच नव्हते. त्यांनी मोठ्या बाळबोध अक्षरांत लिहिले, "सौ. सुहासिनी पोतनीस, बडोदे" आणि खाली गल्लीचे नाव. पत्रे ते नेहमी दामोदरच्या नावे पाठवत, पण या वेळी त्याचे नाव लिहायचे त्यांना सुचले नाही.

मी आगगाडीने आले. तीन मे रोजी गुजराती मिसळलेले मराठी बोलणारा टपालवाला गोविंद मला खांद्यावर घेऊन पोतनीसांच्या दारात उभा राहिला. अंगणात लुगडे अंथरून रखमाबाई कुरडया घालत होत्या आणि कावळ्यांना हाकलत होत्या.

"माजी, सुहासिनीबेन इथेच राहतात ने? पारसल आहे," गोविंद म्हणाला.

"कोण सुहासिनी? त्या नावाचं इथं कुणी नाही रे," रखमाबाई म्हणाल्या. "ऊन किती झालंय बघ. पाणी पिऊन जा."

गोविंद पाणी प्यायला. मागच्या अंगणात रहाट करकरत होता. उमा पाणी ओढत होती. माझ्यापासून वीस पावलांवर ती होती, मित्रांनो! मला तोंड असते तर मी गल्ली गोळा केली असती. रखमाबाई खोटे बोलल्या नाहीत. आठ वर्षांत त्या घरात कुणी ते नाव उच्चारले नव्हते, आणि कुरडयांच्या गडबडीत त्यांना ते आठवले नाही. पण जिचे नाव होते ती घरातच होती, आणि आत जाऊन एकदा विचारायला किती वेळ लागला असता?

गोविंदने मला कचेरीत परत आणले आणि पोस्टमास्तरांच्या टेबलाशी ठेवले. पोस्टमास्तर दत्ताजीराव अंगाने जाड होते. त्यांचा डावा पाय सुजलेला असे. वही बंद करायची घाई म्हणून त्यांनी माझ्या नोंदीपुढे "नाव नाही, परत पाठवले" असे लगेच लिहून टाकले. परत पाठवायचे काम त्यांनी उद्यावर ठेवले आणि तेवढ्यापुरता पाय माझ्यावर टेकला. त्यांना बरे वाटले. उंची अगदी बेताची होती ना माझी! दुसऱ्या दिवशी त्यांनी लाख टोचते म्हणून माझ्यावर गोणपाट घातले. आठवड्याने मी पार्सल आहे हे ते साफ विसरले. त्यांच्या लेखी मी पाय ठेवायची पेटी झाले.

मेच्या मध्याला वडिलांचे पत्र उमाला आले की पेटी पाठवून पंधरा दिवस झाले, पोच का नाही? तेव्हा दामोदर कचेरीत आला.

"उमाबाई पोतनीस यांच्या नावाचं काही पार्सल आलंय?" त्याने खिडकीतून विचारले.

दत्ताजीरावांनी वही चाळली. "नाही."

"मिरजेहून पाठवलंय. पत्र्याची पेटी आहे. वर मांजरपाट शिवलेलं."

"अहो, नावच वहीत नाही, तर मांजरपाटाचं काय घेऊन बसलात?"

"बरं," दामोदर म्हणाला आणि निघाला. बरं! त्या एका शब्दाचा मला जेवढा राग आला तेवढा टाचांचाही आला नाही. तांदळांतले नवे नाव त्यानेच आपल्या हाताने लिहिले होते. जुने नाव कोणते होते हे त्याला एकदाही सुचू नये? मला वाटले, उठावे आणि एकाच्या नडगीवर व दुसऱ्याच्या पाठीत आदळावे. पण पत्र्याला उठता येत नाही.

उमाने त्याला स्वस्थ बसू दिले नाही. तिने त्याच्याकडून वरच्या कचेरीला तक्रार लिहवली. ती तक्रार वर गेली आणि चौकशीसाठी फिरून खाली आली, ती दत्ताजीरावांकडेच! ज्याच्याविरुद्ध तक्रार, चौकशी त्यानेच करायची. त्यांनी चष्मा पुसला, दौत जवळ ओढली आणि लिहिले, "उमाबाई पोतनीस या नावाचे पार्सल या कचेरीत आलेले नाही." शाई टिपली आणि डाव्या पायाशेजारी उजवा पायही माझ्यावर टेकला. दुसरा खड्डा त्या दिवशीचा.

दिवस जात होते. दुसरा दाखला काढायचा तर मिरजेहून चार महिने लागले असते. उमाने वर्गात जाऊन मुदत मागितली. तिथे सांगितले, दाखला आणा, नाहीतर उशीर का झाला याचा लेखी पुरावा आणा. दहा जून उजाडला आणि मावळला. मी गोणपाटाखाली होते.

पुढचे मला उमाने नंतर सांगितले. सांगितले म्हणजे माझ्यासमोर ती इतरांना पुष्कळदा सांगे. बारा जूनला वडिलांचे दुसरे पत्र आले. त्यात पार्सलाची पावती होती. पेटी मिरजेला परत आलेली नाही असे त्यांनी कळवले होते. रखमाबाई तांदूळ निवडत होत्या आणि उमा पत्र मोठ्याने वाचत होती. "पार्सल चि. सुहासिनीच्या नावे केले आहे," असे वाक्य आले आणि रखमाबाईंचा हात थांबला.

"काय नाव वाचलंस?"

"सुहासिनी."

रखमाबाईंनी सूप खाली ठेवले. "टपालवाला आला होता गं. कुरडया घालत होते मी. त्यानं हेच नाव विचारलं. त्या नावाचं कुणी नाही म्हणून मीच त्याला घालवलं."

उमाने पत्राची घडी घातली. तिच्या डोळ्यांतून नुसते पाणी यायला लागले. मी त्या घरात असते तर मला फार राग आला असता.

रखमाबाई उठल्या. "माझी चूक मी मान्य करते. माझ्या तोंडावर काय बोलायचं ते तू नंतर बोल. पण दारातून परत गेलेली पेटी गेली कुठं, ते त्या पोस्टमास्तराला सांगावंच लागेल. चल, चपला घाल."

"मी? कचेरीत?"

"नाव तुझं आहे ना? मग दुसरं कोण येणार?"

भर दुपारी दोन बायका खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. रांगेतले पाच-सहा पुरुष बाजूला सरले. रखमाबाईंनी पावती पुढे केली.

दत्ताजीरावांनी आकडा पाहून नोंद शोधली. "हे बघा. 'नाव नाही, परत पाठवले.' तीन मेलाच परत गेलंय."

"मिरजेला पोचलं नाही," उमा म्हणाली. खिडकीत उभी राहून परक्या पुरुषाशी ती पहिल्यांदाच बोलत होती. तिचा आवाज मी आठ वर्षांनी ऐकला. तो बदलला नव्हता.

"मग वाटेत हरवलं असेल. नाहीतर..." दत्ताजीरावांनी मान वळवली. "थैल्या स्टेशनावर हा गोविंदा पोचवतो. त्याला विचारा. मी त्याच्याविरुद्ध वर लिहितो."

बघा, मित्रांनो. पाय माझ्यावर आणि बोट गोविंदवर!

रखमाबाईंनी त्याच्याकडे पाहिले. "तू नेलंस का रे?"

"नाही, माजी. तुमच्या घरचं पाणी पिऊन खोटं नाही बोलणार. मी इथे मास्तरांच्या टेबलाशी ठेवलं. पछी, मागाहून, काय झालं मला ठाऊक नाही." एवढे बोलता बोलता त्याची नजर टेबलाखाली गेली आणि तिथेच अडकली. गरीब माणूस, वरिष्ठाच्या पायाकडे बोट कसे दाखवणार?

पण त्याची नजर कुठे गेली ते रखमाबाईंनी टिपले. त्यांनी पदर खोचला, खिडकीच्या कट्ट्यावरून आत वाकल्या आणि म्हणाल्या, "पाय उचला."

"काय?"

"पाय उचला म्हणते मी!"

सगळी रांग पुढे झुकली. दत्ताजीरावांनी पाय उचलले. गोविंदने गोणपाट ओढले आणि मला उजेडात आणले. कापड मळले होते, लाखेचे ठिपके फुटले होते, झाकण चेपले होते. पण अक्षरे शाबूत होती. उमाने ती वाचली. "सौ. सुहासिनी पोतनीस." आपलेच नाव ती परक्याचे वाचावे तशी हळू वाचत होती. मग ती रडली आणि मीही रडले असते, पण पत्रा गंजतो.

आता तरी त्या माणसाने मान खाली घालावी की नाही? नाही घातली. दत्ताजीरावांनी मला दोन्ही हातांनी धरून ठेवले.

"पार्सल सुहासिनी पोतनीस यांचं आहे. या बाईंचं नाव उमा. तुमच्याच माणसानं तक्रारीत लिहिलंय. ही सुहासिनी कशावरून? पुरावा हवा. नियम एटले नियम."

सगळ्या बडोद्यात उमाला त्या नावाने ओळखणारे होते कोण? दाखला पुरावा होता खरा, पण तो माझ्या पोटात होता आणि मला उघडू देत नव्हते.

"पुरावा मी," रखमाबाई म्हणाल्या. "माझ्या मुलानं तांदळांत अंगठीनं उमा लिहिलं. ते नाव त्याला मी सांगितलं होतं. त्याआधी ही सुहासिनी होती. ज्या तोंडानं मी तिचं नाव बदललं त्याच तोंडानं सांगते, ही सुहासिनी. आता चार माणसांसमोर माझी साक्ष लिहून घ्या."

रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "लिहा हो मास्तर, आम्ही ऐकलं." मग दुसरे म्हणाले, तिसरेही म्हणाले. दत्ताजीरावांनी कागद घेतला.

"साक्षीदाराचं नाव?"

"रखमाबाई पोतनीस." आणि लगेच त्या म्हणाल्या, "थांबा. ते सासरचं. माहेरचं गंगा. दोन्ही लिहा. उद्या माझ्या नावानं काही आलं तर परत जायला नको."

त्यांना लिहिता येत नव्हते. त्यांनी अंगठा उठवला, तो इतका दाबून की शाई कागदाच्या मागे उमटली. उमाने शेजारी सही केली. माहेर सोडल्यावर पहिल्यांदाच तिने सुहासिनी अशी सही केली. मी तिच्या हातात आले.

तंटा इथे मिटला असे दत्ताजीरावांना वाटले. त्यांनी वही मिटली. पण रखमाबाई हलल्या नाहीत. "आता दुसरा कागद लिहा. पार्सल तीन मेला आलं, आजपर्यंत या कचेरीतच पडून होतं, उशिराचा दोष मुलीचा नाही आणि गोविंदाचाही नाही."

"असं लिहिलं तर माझी नोकरी जाईल, बाई!"

"गोविंदाची घालवायला निघालात, तेव्हा हात नाही थरथरला तो?"

"मी लिहिणार नाही."

"बरं," रखमाबाई म्हणाल्या. त्यांचे बरं आणि त्यांच्या मुलाचे बरं यांत जमीनअस्मानाचा फरक होता. त्या कचेरीच्या उंबऱ्यातच मांडी घालून बसल्या. आत येणाऱ्याला त्या सांगत, "या पोस्टमास्तरांच्या पायाखाली आमची पेटी सापडली. तुमचं काही हरवलं असेल तर वाकून बघा." पहिला माणूस हसला. दुसऱ्याने खरेच वाकून पाहिले. तिसऱ्याने, पंधरा दिवस आपला कागळ, म्हणजे पत्र, मिळाला नाही म्हणून आरडाओरडा सुरू केला. अर्ध्या तासाने दत्ताजीरावांनी कागद लिहिला. सही करून शिक्का मारला. माझी मात्र त्यांनी माफी मागितली नाही. पत्र्याची कोण मागतो!

तो कागद आणि दाखला घेऊन दोघी तशाच वर्गावर गेल्या. तिथल्या मुख्य बाईंनी दोन्ही वाचले, शिक्का पाहिला आणि म्हणाल्या, "उशीर टपालाचा आहे, तुमचा नाही. सोमवारपासून या." दत्ताजीरावांची पुढे बदली झाली असे ऐकले. गोविंद त्याच गल्लीत राहिला. कुठल्याही दारात नाव विचारले की तो आता दोनदा विचारी, "माहेरचं नाव असेल तर आत पूछून या ने."

रखमाबाईंनी सुनेला उमा म्हणणे सोडले नाही. त्यांची जीभच तशी वळलेली होती. पण दाराशी कुणी कुठलेही नाव घेऊन आले, की त्या हातातले काम टाकून आधी आत जात आणि घरातल्या प्रत्येक बाईला विचारत. त्यावरून मुले त्यांना चिडवत. त्या म्हणत, "चिडवा. एकदा चुकलेय मी."

सुहासिनीबाई शिक्षिका झाल्या आणि मला शाळेत घेऊन आल्या. माझ्यावर पांढऱ्या रंगाने त्यांनी आपले नाव लिहवून घेतले. माझ्यात खडू ठेवले, फळा पुसायची फडकी ठेवली. पंचवीस वर्षे मी रोज त्यांच्या टेबलावर होते. गेल्या वर्षी त्या घरी बसल्या. मला बरोबर न्यायचे असे त्या म्हणाल्या होत्या, पण मी वर्गातच बरी, असे मग त्यांनीच ठरवले. नवे टेबल आले आणि मी जमिनीवर आले. रंग उडाला. कोपऱ्यात गंज धरला.

काल एक मुलगी खिडकीबाहेर बघायला माझ्यावर चढली. मला पुन्हा टाचा लागल्या आणि इतक्या वर्षांचा राग एकदम वर आला. पण ती उतरली, खाली वाकली आणि धूळ पुसून बोटाने माझ्यावरचे नाव एकेक अक्षर लावून वाचायला लागली. "सु... हा... सि..." शेवटचे अक्षर उडाले आहे. तिने ते स्वतःच पुरे केले आणि बाईंना विचारायला धावली, "बाई, सुहासिनी कोण?"

मित्रांनो, माझ्यावर चढायचे तर चढा. मी पत्र्याची आहे, सोसेन. फक्त आधी वाका आणि नाव वाचा. आणि दारात कुणी नाव घेऊन आले तर "इथे कुणी नाही" म्हणण्याआधी आत जाऊन विचारून या. ती मागच्या अंगणात पाणी ओढत असेल.